अक्षराचा डोळा

दुबईत रंगारी पोत्याने मिळतील. पण टेप न चिकटवता छताची कड मारणारा यूनुस फोरमनच्या हाताखाली एकच होता, रामेश्वर. भिंत पिवळी आणि छत पांढरं असलं, की दोघांच्या मधली रेघ बाकीचे लोक टेप लावून काढत आणि टेप ओढताना निम्मा रंग बरोबर घेऊन येत. रामेश्वर शिडीवर चढायचा, दीड इंची ब्रश बुडवायचा, श्वास धरायचा आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अशी रेघ ओढायचा, की खाली उभा असलेला माणूसही उगाच श्वास धरून बसे. "किधर सीखा रे?" असं कोणी विचारलंच, तर तो म्हणायचा, "ऐसेच."

ऐसेच म्हणे! त्या हातामागे अख्खं घराणं होतं. पेणच्या पलीकडे एका गावात त्याच्या वडिलांचा, आबांचा, गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हटलं तरी भोंगा नाही की धुराडं नाही. लांबलचक पडवी, सारवलेली जमीन आणि ओळीने बसलेले गणपती. माती मळणारे वेगळे, साच्यातून मूर्ती काढणारे वेगळे, अंगाला रंग देणारे वेगळे. डोळे मात्र फक्त आबांनी काढायचे. या कामाला आखणी म्हणतात, आणि आखणी सगळ्यात शेवटी. मुकुट, सोंड, पितांबर, पायाशी उंदीर, सगळं झालं की आबा मूर्तीपुढे मांडी घालून बसत, पोरांना गप्प करत आणि चार केसांच्या ब्रशाने देवाला डोळे देत.

त्यांची एक खूण होती. बुबुळ ते बरोबर मधोमध ठेवत नसत; किंचित, भाताच्या कणाएवढं, खाली उतरवत. देव बसणार चौरंगावर, पोरंबाळं बसणार जमिनीवर. मग देवाने काय समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत बसायचं, असं त्यांचं म्हणणं. आबांच्या गणपतीपुढे कुठेही बसा, तो आपल्याकडेच बघतो, असं गिऱ्हाइकं सांगत.

आबा गेले, तेव्हा ब्रश धाकट्या रामेश्वरकडे आला, कारण हात त्याचाच होता. थोरला गणू हिशेबी, कष्टाळू, रंगकामात पक्का. पण डोळ्यांच्या वाटेला तो जात नसे. त्या पहिल्याच वर्षी, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, दारात टेम्पो उभा असताना रामेश्वरने एका मोठ्या मूर्तीचं बुबुळ आबांसारखं खाली उतरवायला घेतलं. एक उतरलं कणभर आणि दुसरं उतरलं दोन कण. गणपती चकणा झाला. पुसायला वेळ नव्हता. गिऱ्हाइकाने मूर्ती उचलली खरी, पण जाताना तोंड कडू करून गेलं, आणि गणूने सगळ्या कामगारांदेखत सांगितलं, "आबांच्या नावावर पाणी फिरवलंस. यापुढे डोळ्यांना हात लावायचा नाही."

पुढच्या गणपतीला रामेश्वर दुबईत होता. त्याला आता बावीस वर्षं झाली. मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पात, ज्याला सगळे सोनापूरच म्हणतात, त्याची खालची खाट, वर एक मराठी कॅलेंडर. दोन वर्षांनी एकदा गावी जायचा तोही दिवाळीच्या सुमारास. गणपतीच्या हंगामात कधीच नाही. दोघा भावांत बोलणं होतं. पाऊस, कौलं, पोरांचे मार्क, सगळ्यावर व्हायचं. डोळे सोडून. गणू स्वतःच आखणी करू लागला होता आणि त्याचे गणपती सरळ नाकासमोर बघत. रामेश्वर भिंती रंगवत होता. भिंतीला डोळे नसतात, हे त्याला भिंतीचं सगळ्यात आवडायचं.

यंदा आषाढ लागायच्या आधी वहिनीचा, तानुबाईचा, फोन आला. ती पडवीतून नाही, मागच्या परड्यातून बोलत होती, म्हणजे गणूच्या चोरून.

"भावोजी, ह्यांना दिसत नाही हो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणतो लगेच करा, हे म्हणतात गणपती झाल्यावर. अडीचशे मूर्ती आहेत यंदा. रंग होईल हो, पोरं करतील. डोळे कोण काढणार?"

"बाहेरचा कोणी आखणीवाला बघा ना, वहिनी."

"सगळे आपापल्या कारखान्यात अडकलेत. तुम्ही या."

"दादाने सांगितलं का, ये म्हणून?"

तिच्या मागे कोंबडी ओरडत होती. "ते कसले सांगतात," ती म्हणाली. "सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. पण मी सांगते ना."

"बघतो. सुट्टी मिळाली तर, इन्शाल्ला," रामेश्वर म्हणाला. ही शुद्ध थाप होती. त्याची सुट्टी साचलेली होती आणि यूनुसने स्वतःहून फॉर्म हातात ठेवला होता: आत्ताचं काम संपायच्या दिवशी भरून दे, नंतर मोठी साइट सुरू होतेय, मग खलास, डिसेंबरपर्यंत कोणाला सोडणार नाही. फॉर्म रामेश्वरच्या शर्टाच्या खिशात होता. अडीचशे मूर्ती म्हणजे पाचशे डोळे. एका चुकीवर बावीस वर्षं गेली होती, आणि वहिनी पाचशे डोळे मागत होती. त्याने खिशाचं बटण लावून टाकलं.

ते 'आत्ताचं काम' म्हणजे जुमेरा लेक टॉवर्समधलं, तळ्याकाठच्या एका टॉवरच्या तळमजल्यावरचं चहाचं छोटं दुकान. मालकीण चिनी, नाव यालिंग. चाळिशीची, आखूड केसांची, पायात कायम स्लिपर. दुबईतल्याच देरा भागातल्या कापडबाजारात सिंधी आणि गुजराती व्यापाऱ्यांबरोबर बारा वर्षं काढल्यामुळे ती हिंदी बोलायची, आणि मोडकंतोडकंच, पण अशा ठसक्यात बोलायची की ऐकणाऱ्याला वाटावं, आपलंच हिंदी चुकतंय. बरोबर तिचे वडील होते. ऐंशीच्या पुढचे, शेन नावाचे, पांढऱ्या भुवयांचे म्हातारबाबा. ते दिवसभर एका स्टुलावर बसून रंगकाम बघत आणि अर्धा कप चहा पीत. अर्धाच, कारण त्यांचे हात थरथरत. भरलेला कप तोंडापर्यंत पोचत नसे.

पहिल्या दिवशी रामेश्वरने छताची कड मारली आणि शिडीवरून उतरला, तर म्हातारबाबा शिडीखालीच उभे. त्यांनी त्याचा उजवा हात पकडला, उलटसुलट करून बघितला, बाजारात भेंडी मोडून बघतात तसं अंगठ्याचं पेर वाकवून बघितलं आणि लेकीला काहीतरी लांबलचक सांगितलं.

"भैया," यालिंग म्हणाली, "बाबा बोलता है, तुम हमारा अक्षर लिखेगा."

"मैं? मॅडम, मेरे को चायनीज़ नहीं आता."

"बाबा बोलता है, अच्छा है. जिसको आता है, वो जल्दी करता है."

प्रकरण असं होतं. दुकानाच्या मागच्या भिंतीवर एकच अक्षर हवं होतं, माणसाच्या उंचीचं. तेच दुकानाचं नाव: वांग. (कॅम्पात कळल्यावर पोरांनी "रामू, आज वांग्याचं भरीत झालं का?" असं आठवडाभर विचारून घेतलं.) म्हातारबाबांनी आयुष्यभर दगडाचे शिक्के कोरले होते, आणि शिक्क्यांवर असते ती जुनी लिपी त्यांच्या हातात बसलेली होती. गावातल्या निम्म्या दुकानांची नावं त्यांनी ब्रशाने लिहून दिली होती. एकुलत्या एका लेकीचं दुकान झालं, आणि हात गेला. यालिंग म्हणाली होती, जुन्या कागदावरचं एखादं अक्षर स्कॅन करू, मोठं करून स्टिकर लावू, दोन तासांचं काम. त्यावर म्हाताऱ्याने दोन दिवस जेवण सोडलं. मोठं केलेलं अक्षर वेगळं आणि मोठं लिहिलेलं वेगळं, एवढं एकच वाक्य तो धरून बसला होता. उद्घाटन पौर्णिमेला होतं. दहा दिवस उरले होते.

रामेश्वर नाही म्हणणार होता. पण म्हातारबाबांनी कागदावर पेन्सिलीने ते अक्षर काढून दाखवलं, थरथरत्या, तुटक रेघांनी, आणि यालिंगने बोट ठेवून एकेक भाग सांगितला.

"ये मिट्टी का ढेर. उसके ऊपर आदमी खड़ा है. ये चांद. और ये आंख, बड़ा आंख. आदमी दूर देखता है. इसका मतलब देखना, और उम्मीद करना, दोनों. और पूर्णिमा को भी यही बोलता है."

ढिगावर उभा राहून लांब बघणारा माणूस रामेश्वरला समजावून सांगायची गरज नव्हती. मात्र त्याची नजर अडकली ती त्या डोळ्यावर. उभट, मोठा, मधे बुबुळ. तीन हजार वर्षांपूर्वी कोणी काढला असेल, कुठल्या देशात, पण डोळा तो डोळाच. तरी तो "ठीक है" म्हणाला, कारण म्हातारबाबा त्याच्या तोंडाकडे असे बघत होते, की नाही म्हणायला दगडाचं काळीज लागलं असतं.

शिकवणी जेवणाच्या सुट्टीत चाले. बाहेर ऊन असं की तळ्याचं पाणीसुद्धा दमल्यासारखं दिसे, आणि आत एसीत दोघे सिमेंटच्या उघड्या जमिनीवर उकिडवे. शाई नाही, रंग नाही. बादलीत पाणी, एक जाड ब्रश. पाण्याने लिहायचं, रेघ गडद उमटायची, बघता बघता सुकून जायची. पुन्हा लिहायचं. रामेश्वरला हे फार आवडलं. जगात अशी एक तरी पाटी असावी जिच्यावरची चूक आपोआप जाते.

ब्रश मेणबत्तीसारखा सरळ उभा धरायचा. कोपर हवेत. रेघ सगळीकडे सारखीच जाड. चिनी लोकांच्या जेवायच्या काडीसारखी, सुरुवातीला गोल, शेवटीही गोल. आणि ती सुरुवात! रेघ उजवीकडे न्यायची असली, तर ब्रश आधी जरासा डावीकडे सरकवायचा, मग वळवून उजवीकडे निघायचं, म्हणजे ब्रशाचं टोक रेघेच्या पोटात लपतं. वळण आलं की घाई नाही. बोटांत ब्रश हळूहळू फिरवत जायचं. शेवटीही टोक परत आत घ्यायचं. टोक दिसता कामा नये.

आणि रामेश्वरचं टोकच दिसायचं. आखणीचा हात होता तो. भुवई ओढताना शेवटी ब्रश अलगद उचलायचा, म्हणजे बारीक, टोकदार शेपूट निघतं. पेणमध्ये आखणीवाल्याची किंमत त्या शेपटावर ठरते. चिनी अक्षराच्या प्रत्येक रेघेला रामेश्वर तसंच नाजूक शेपूट काढायचा आणि म्हातारबाबा हातातला पंखा त्याच्या मनगटावर हाणायचे.

"बाबा बोलता है, ये चूहा है क्या?"

"मॅडम, आदत है."

"बाबा बोलता है, आदत को पेट में रखो."

चौथ्या दिवशी शेपटं कमी झाली. म्हातारबाबा खूश झाले की गोष्टी सांगत आणि यालिंग चहाची खोकी उघडता उघडता तिचं हिंदी करी. फार पूर्वी ही अक्षरं काशाच्या भांड्यांत ओतलेली असत, वाडवडिलांना नैवेद्य दाखवायच्या. तेव्हा दर मुलखाचं वळण वेगळं. मग एका राजाने सगळे मुलूख जिंकले आणि सांगितलं, आता सगळ्यांनी एकसारखंच लिहायचं. अक्षरं नीटनेटकी झाली, उभी लांब झाली. पण कचेऱ्या वाढल्या, कागदपत्रं वाढली, कारकुनांना गोल वळणं घ्यायला वेळ मिळेना. त्यांनी वळणं मोडून सरळ रेघा केल्या. जुनी लिपी उरली ती शिक्क्यांवर. म्हातारबाबा राजाच्या आधीचं, भांड्यांवरचं वळण लिहायचे, कारण त्यात डोळा डोळ्यासारखा दिसतो.

"मतलब यल्ला यल्ला हो गया," रामेश्वर म्हणाला. चला, आटपा, असा साइटवर दिवसातून शंभरदा ऐकू येणारा शब्द. म्हातारबाबांना तो कळत होता. ते पोट धरून हसले, आणि नंतर रामेश्वरने जरा हात झपाझप चालवला की पंखा उगारून ओरडायचे, "नो यल्ला!"

असं ते जमून गेलं. रामेश्वर कॅम्पातून डब्यात सुकटीची चटणी आणू लागला आणि म्हातारबाबा ती नुसती बोटाने चाखून डोळे मिटू लागले. यालिंग म्हणाली, बाबा घरी एवढं बोलत नाहीत. मधे तानुबाईचा एक मेसेज आला, फोटो होता. पडवीत गणपती ओळीने बसलेले, रंग झालेले, डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. फोटोच्या कडेला गणू दिसत होता, एक मूर्ती नाकाशी धरून. रामेश्वरने फोन उलटा ठेवला. फॉर्म खिशात घामाने मऊ होत चालला होता.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भिंतीवर लिहायचं ठरलं. भिंत रामेश्वरनेच घासून, पांढऱ्याचे दोन हात मारून गुळगुळीत केली होती. काळा रंग म्हातारबाबांनी स्वतः काडीने ढवळून पातळ-दाट बघितला, आणि एका लांब पेटीतून त्यांचा स्वतःचा मोठा ब्रश काढून दिला. शिंगाची मूठ, शेळीचे केस. यूनुस सहज बघायला म्हणून आला आणि दारातच थांबला.

रामेश्वरने मातीचा ढीग काढला. मग माणूस काढला, वाकलेल्या गुडघ्यांचा, पण उभा. मग चंद्र. ब्रश मागे, मग पुढे; टोक पोटात; नो यल्ला. एकाही रेघेला शेपूट नव्हतं. तो शिडीवरून उतरला, चार पावलं मागे गेला आणि ब्रश फडक्यावर ठेवला. वर डाव्या बाजूला मोठी पांढरी जागा तशीच होती.

म्हातारबाबा स्टुलावरून ताडकन उठले. त्यांचा आवाज चढला. यालिंग घाबरून मधे आली.

"भैया, आंख किधर है? आंख पहला होता है! पहला आंख लिखने का, फिर चांद, फिर आदमी. तुम उल्टा किया. इतना दिन जमीन पे सीधा किया, आज उल्टा क्यों?"

रामेश्वरने अक्षराकडे बघितलं. त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. पाण्याने लिहिताना ते नुसतं अक्षर होतं. आज खराखुरा रंग ब्रशाला लागला आणि हात आबांच्या पडवीत जाऊन बसला.

"मॅडम, हमारे में आंख आखिर में करते हैं," तो म्हणाला. "भगवान का मूर्ती बनता है ना, उसमें. सब होने के बाद आंख. आंख दिया, कि फिर वो मिट्टी नहीं रहता."

यालिंगने सांगितलं. म्हातारबाबांचा राग उतरत उतरत पार गेला. त्यांनी तिला काहीतरी विचारून खात्री करून घेतली आणि मग पांढऱ्या भुवया उंचावून रामेश्वरकडे बघितलं, जणू तो त्यांच्याच गल्लीतला निघाला होता.

"बाबा बोलता है, हमारे में भी ऐसा है. चित्रवाला ड्रॅगन बनाता है, आंख नहीं देता. आंख दिया तो उड़ जाता है. बाबा बोलता है, ठीक है, उल्टा चलेगा. अब दो."

रामेश्वरने ब्रश उचलला. बुडवला. शिडीची एक पायरी चढला आणि तिथेच थांबला. यूनुस दारात, यालिंग खोक्यांजवळ, म्हातारबाबा खाली. सगळे गप्प, आबांच्या पडवीत असत तसे. रंगाचा एक थेंब फडक्यावर पडला. दुसरा पडला.

"नहीं होगा, बाबाजी," तो म्हणाला आणि खाली उतरला. मग शिडीच्या खालच्या पायरीवर बसून, कोणी विचारलं नसताना, त्याने सगळं सांगितलं. आबा, भाताचा कण, टेम्पो, चकणा गणपती, गणूचं वाक्य, अडीचशे मूर्ती, खिशातला फॉर्म. बावीस वर्षांत यूनुसलाही यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. यालिंग एकेक वाक्य बापाला सांगत गेली आणि मधे एकदा तिने नाक पुसलं.

म्हातारबाबांनी लेकीकरवी विचारलं. "वो भगवान का क्या हुआ? जिसका आंख टेढ़ा था?"

हे त्याला कोणी कधी विचारलंच नव्हतं. "क्या होगा? उनके घर गया. पांच दिन रहा, फिर पानी में विसर्जन."

"पांच दिन पूजा किया?"

"किया ना. भगवान है."

"घर के लोग सामने बैठता था? मांगता था? बच्चे लोग नाचता था?"

"हां, वो सब तो होता ही है."

म्हातारबाबांनी मान हलवली आणि थरथरते दोन्ही हात रामेश्वरच्या ब्रश धरलेल्या हाताभोवती ठेवले. यालिंग हळू आवाजात म्हणाली, "बाबा बोलता है, पांच दिन उसने सबको देखा. तो आंख बराबर था."

रामेश्वर रडला. त्यात सांगायला लाज कसली. एवढा बाप्या माणूस शिडीवर बसून ढसढसा रडला, आणि यूनुस बाहेर जाऊन उगाच फोनवर "यल्ला, यल्ला" करत राहिला. त्या दिवशी पुढे काम झालं नाही. म्हातारबाबा म्हणाले, उद्या पौर्णिमा आहे, डोळा उद्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पात दात घासता घासता रामेश्वरची नजर कॅलेंडरवर गेली. आषाढातली पौर्णिमा, म्हणजे गुरुपौर्णिमा. तो पहिल्या बसने निघाला आणि वाटेत एक नारळ घेतला.

दुकानात टेबलं लागली होती, चहाचे डबे मांडून झाले होते. रामेश्वरने नारळ म्हातारबाबांच्या हातात दिला आणि वाकून पायांना हात लावला. म्हातारबाबा एवढे दचकले, की त्यांनी पाय वर घेतले आणि नारळ स्टुलाखाली गडगडत गेला. "भैया, क्या हुआ, क्या गिरा?" करत यालिंग धावली. समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली, आणि त्या गोंधळात घाबरायचं रामेश्वरच्या लक्षातच राहिलं नाही.

तो शिडी चढला. श्वास धरला. ब्रश आधी मागे, मग पुढे. वरची कड आली, बोटांत ब्रश फिरवत खाली वळली, खालची कड येऊन तिला मिळाली. सांधा कुठे आहे ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. राहिलं बुबुळ. तिथे त्याचा हात थांबला, घाबरून नाही, विचार करायला. म्हातारबाबांनी पेन्सिलीने काढलेल्या अक्षरात बुबुळ मधोमध होतं, चंद्राकडे बघणारं. रामेश्वरने खाली बघितलं. बुटकी टेबलं, त्यांच्याभोवती आणखी बुटकी स्टुलं. माणसं इथे खाली बसणार, चहा पिणार, घरादारापासून लांबची माणसं. त्याने बुबुळ बोटभर खाली उतरवलं.

उतरला, मागे गेला आणि म्हातारबाबांकडे न बघता उभा राहिला.

म्हातारबाबा बराच वेळ अक्षरासमोर होते. मग ते चालत जाऊन भिंतीजवळच्या पहिल्या स्टुलावर बसले आणि मान वर करून बघितलं. उठले, दाराजवळच्या स्टुलावर बसले, पुन्हा बघितलं. खिडकीजवळही बसून झालं. शेवटी त्यांनी लेकीला हाक मारून चहा मागितला. ती नेहमीसारखा अर्धा कप ओतून थांबली, तर त्यांनी खूण केली, भर. त्यांनी काठोकाठ भरलेला कप दोन्ही हातांनी उचलला, निम्मा शर्टावर सांडला, उरलेला प्यायले आणि एक वाक्य बोलले.

"बाबा बोलता है," यालिंगने सांगितलं, "आज तक ये आदमी सिर्फ चांद को देखता था. पहला बार हमको देखता है." आणि मग शिंगाच्या मुठीचा तो ब्रश धुऊन, पेटीतल्याच चार केसांच्या बारीक ब्रशाबरोबर कागदात गुंडाळून तिने रामेश्वरच्या हातात ठेवला. "ये बाबा का नहीं है अभी. तुम्हारा है."

यूनुसने फोटो काढला होता. रामेश्वरने तो तानुबाईला पाठवला आणि तळ्याकडे तोंड करून दुकानाच्या काचेशी उभा राहिला. पाच मिनिटांत फोन आला. आधी तानुबाई होती.

"भावोजी, हे काय पाठवलंत? ह्यांनी फोन हिसकावून घेतला माझा. डोळ्याला टेकवून बघत बसलेत मघापासून. थांबा, देते."

गणूचा श्वास ऐकू आला. मागे पडवीत कोणीतरी रंगाचा डबा सरकवत होतं.

"हे काय आहे?"

"चिनी अक्षर आहे, दादा. दुकानाच्या भिंतीवर लिहिलंय. मी लिहिलंय."

"मला काय वाचता येत नाय. काळं काळं दिसतं नुसतं." गणू म्हणाला. "वरती आहे तो डोळा आहे ना?"

"हो."

"बुबुळ खाली आहे."

"हो, दादा. मीच उतरवलं."

पलीकडे गणूने डबा सरकवणाऱ्याला हटकलं.

"आबांचा डोळा आहे," गणू म्हणाला. "बावीस वर्षं काढतोय मी. माझं एकदाही खाली बघितलं नाय रे." मग तो नेहमीच्या खेकसण्यावर आला. "अडीचशे आहेत. एकट्याने होतील का?"

"होतील."

"मग कधी येतोस ते तुझ्या वहिनीला सांग. आणि येताना चांगला ब्रश आण, माझे सगळे झिजलेत."

"ब्रश आहे, दादा," रामेश्वर म्हणाला. त्याने खिशातून घामाने मऊ झालेला फॉर्म काढला, काचेवर हाताने सपाट केला आणि यूनुसकडे पेन मागितलं.